पाच डॉलरचा दंड : व्यक्तीचा हक्क, समाजाचे हित आणि एक अमेरिकन खटला

ग्रंथालयाच्या सभासदांना दंडाची कल्पना नवी नाही. मुदतीत पुस्तक परत गेले नाही की काही पैसे भरावे लागतात. ते आपण थोडे कुरकुरत भरतो. परंतु हा नियमच नसावा असे कोणी म्हणत नाही, कारण आपण अडवून ठेवलेल्या पुस्तकाची दुसरा कोणीतरी वाट पाहत असतो, हे आपल्याला मनातून ठाऊक असते. प्रस्तुत लेखही एका दंडाविषयीच आहे. दंडाची रक्कम होती पाच डॉलर, म्हणजे त्या काळच्या साध्या मजुराच्या तीनेक दिवसांच्या कमाईइतकी. १९०२ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी एका धर्मोपदेशकाला तो ठोठावण्यात आला. त्याने तो मुकाट्याने भरला असता तर त्याचे नावही आज कोणाला ठाऊक नसते. परंतु तो न्यायालयांच्या पायऱ्या चढत थेट वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि एकट्या माणसाचे स्वातंत्र्य कोठे संपते व सर्वांचे हित कोठे सुरू होते, या प्रश्नाला अमेरिकेत जी उत्तरे दिली गेली त्यांपैकी एक महत्त्वाचे उत्तर त्या पाच डॉलरांच्या निमित्ताने लिहिले गेले.

प्रसंग देवीच्या साथीचा होता. १९०१ ते १९०३ या काळात बोस्टन शहरात देवीचे १,५९६ रुग्ण झाले आणि त्यांतील २७० दगावले. चार्ल्स नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेल्या केंब्रिजलाही या साथीची झळ लागली. योगायोग असा की, याच केंब्रिजमध्ये सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १८०० सालच्या जुलै महिन्यात, हार्वर्डचे प्राध्यापक बेंजामिन वॉटरहाउस यांनी जेन्नरच्या पद्धतीने आपल्या मुलाला देवी टोचल्या होत्या. १८५५ मध्ये शाळेत प्रवेश घेणाऱ्या मुलांसाठी देवी टोचणे सक्तीचे करणारे पहिले अमेरिकन राज्यही मॅसॅच्युसेट्सच. तेव्हा लस या प्रकाराची तेथील लोकांना ओळख नव्हती असे म्हणता येणार नाही.

ओळख होती, तशी भीतीही होती. आणि ती भीती केवळ अडाणीपणाची होती असे समजणे अन्यायाचे होईल. १९०१ च्या शरद ऋतूत सेंट लुईस येथे घटसर्पावरील दूषित औषधामुळे तेरा मुले मृत्यू पावली. त्याच सुमारास न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे देवी टोचलेल्या मुलांना धनुर्वात होऊन नऊ मुले गेली. लस कोणी, कोठे आणि कशी बनवावी यावर तोपर्यंत केंद्र सरकारचे कसलेही नियंत्रण नव्हते. त्यासाठीचा कायदा जुलै १९०२ मध्ये संमत झाला. बोस्टनमध्ये रात्रीच्या वेळी बेघर, भटक्या माणसांच्या निवाऱ्यांत शिरून रखवालदारांच्या मदतीने त्यांना जबरदस्तीने टोचले जात होते, ही गोष्टही विसरता कामा नये. दंडाची भाषा घरदार असलेल्यांसाठी होती. ज्यांना घर नव्हते त्यांचा नुसता दंड पकडला जाई.

साथीच्या दिवसांतला एक किस्सा येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. बोस्टनच्या आरोग्य मंडळाचे अध्यक्ष डॉ. सॅम्युएल डर्जिन यांनी लसविरोधकांना जाहीर आव्हान दिले होते की, एवढी खात्री असेल तर लस न घेता देवीच्या रुग्णांत वावरून दाखवा. इमॅन्युएल फायफर नावाच्या वैद्याने ते स्वीकारले. जानेवारी १९०२ मध्ये तो बोस्टन बंदरातील गॅलप्स बेटावरच्या रुग्णालयात गेला, रुग्णांमध्ये हिंडला आणि परतला. दोन आठवडे उलटले नाहीत तोच त्याला देवी आल्या. फायफर बरा झाला, हे त्याचे नशीब. वर्तमानपत्रांना काही दिवस खाद्य मिळाले. परंतु आरोग्याधिकाऱ्याने अशी पैज लावावी का, आणि रोग अंगात घेऊन फायफर ज्या ज्या लोकांत मिसळला असेल त्यांचे काय, हे प्रश्न त्या करमणुकीत हरवले.

२७ फेब्रुवारी १९०२ रोजी केंब्रिजच्या आरोग्य मंडळाने ठराव केला की, १ मार्च १८९७ नंतर ज्यांनी यशस्वीरीत्या देवी टोचून घेतलेल्या नाहीत अशा सर्व रहिवाशांनी त्या टोचून घ्याव्यात. राज्याच्या कायद्यानुसार एकवीस वर्षांवरील माणसाने नकार दिल्यास दंड पाच डॉलर. मूल लस घेण्यास अयोग्य आहे असा डॉक्टरचा दाखला आणल्यास मुलांना सूट होती. प्रौढांना मात्र अशी सूट कायद्यात लिहिलेली नव्हती.

हेनिंग जेकबसन हा मूळचा स्वीडनचा. केंब्रिजमधील स्वीडिश ल्यूथरन मंडळीचा तो धर्मोपदेशक होता. स्वीडनमध्ये लहानपणीच त्याला देवी टोचल्या होत्या आणि त्या वेळी आपल्याला अतोनात त्रास झाला, आपल्या एका मुलाचीही अशीच गत झाली, असे त्याचे म्हणणे होते. मंडळाचे अध्यक्ष डॉ. स्पेन्सर यांनी लस देऊ केली. जेकबसनने ती नाकारली, आणि दंडही नाकारला. खटल्यात त्याने चौदा मुद्द्यांवर पुरावा देण्याची तयारी दाखविली. त्यांतले बरेचसे लसीचे धोके व तिची निरुपयोगिता यांविषयी होते. न्यायालयाने ते सर्व अप्रस्तुत ठरविले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९०३ साली सरन्यायाधीश नोल्टन यांनी शिक्षा कायम केली. परंतु निकाल देताना एक गोष्ट त्यांनी स्वच्छ नोंदवून ठेवली. कायद्याने या माणसाला धरून टोचण्याचा अधिकार कोणालाही दिलेला नाही. त्याने नाही म्हटले तर जास्तीत जास्त वाईट काय होईल, तर पाच डॉलर जातील. पुढचा सारा इतिहास वाचताना हे वाक्य मनात ठेवले पाहिजे.

अमेरिकेत व्यक्तीचे हक्क निरपवाद आहेत, सरकारने हात लावायचा अवकाश की न्यायालय तो झटकून टाकते, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. १७९१ च्या पहिल्या दहा दुरुस्त्यांमधील भाषा निरपवाद आहे हे खरे. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनेही कोणत्याही राज्याने कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचे जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घेऊ नये असे बजावले. परंतु घटक राज्यांजवळ लोकांचे आरोग्य, सुरक्षितता आणि नीती यांचे रक्षण करण्याचा एक जुना अधिकार होता. अमेरिकन कायदेपंडित त्याला ‘पोलिस पॉवर’ म्हणतात. शिपायाच्या दंडुक्याशी त्याचा संबंध नाही. आणि स्वातंत्र्याइतकीच समाजहिताची भाषाही त्या देशाच्या पायात होती. जॉन ॲडम्स यांनी ज्याचा मसुदा केला त्या मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात, सर्व जनता प्रत्येक नागरिकाशी आणि प्रत्येक नागरिक सर्व जनतेशी करार करीत आहे, आणि तो करार सर्वांच्या हितासाठी विवक्षित कायद्यांनी चालण्याचा आहे, अशी कल्पना मांडलेली आहे. जेकबसनने फेडरल घटनेचा आधार घेतला. त्याच्या स्वतःच्या राज्याची घटना मात्र त्याच्या विरुद्ध साक्ष देत होती.

२० फेब्रुवारी १९०५ रोजी निकाल लागला. सात विरुद्ध दोन. निकालपत्र न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी लिहिले. केंटकीतील गुलाम बाळगणाऱ्या घराण्यात जन्मलेले हे तेच हार्लन, ज्यांनी १८९६ साली आगगाडीच्या डब्यांतील वर्णभेद घटनासंमत ठरविणाऱ्या प्लेसी खटल्यात एकट्याने विरोधी मत नोंदविले होते. तेव्हा दुबळ्याच्या हक्कांविषयी बेफिकीर असा हा माणूस नव्हता. त्यांचा युक्तिवाद साधा होता. प्रत्येकाने आपले शरीर व आपली मालमत्ता इतरांच्या हानीची पर्वा न करता हवी तशी वापरावी असे मानले, तर कोणालाच खरे स्वातंत्र्य उरणार नाही. साथीपासून स्वतःचा बचाव करण्याचा समाजाला हक्क आहे. देशाच्या रक्षणासाठी माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध सैन्याच्या रांगेत उभे करता येते. पीतज्वराची लागण झालेल्या जहाजातून आलेला निरोगी नागरिकही काही काळ अडकवून ठेवता येतो. लस उपयोगी की निरुपयोगी हा वाद न्यायालयाने सोडवायचा नाही. तो कायदेमंडळाने सोडवायचा.

पण हार्लन तेथेच थांबले नाहीत, आणि माझ्या मते निकालाचे खरे मोल पुढच्या भागात आहे. समाजहिताच्या नावाखाली केलेल्या नियमाचा त्या हिताशी खरा आणि भरीव संबंध नसेल, किंवा त्याची अंमलबजावणी मनमानी व जुलमी असेल, तर न्यायालयाने मध्ये पडले पाहिजे. लस घेतल्याने ज्याच्या प्रकृतीला गंभीर अपाय होईल अशा प्रौढ माणसालाही ती घ्यायला लावणे हे क्रौर्य ठरेल, आणि कायद्यात तसा अपवाद लिहिलेला नसला तरी तो आहे असे मानावे. जेकबसनने आपण आज तसे अपात्र आहोत हे सिद्ध केले नव्हते, एवढाच त्याच्यापुरता प्रश्न. ब्रूअर आणि पेकहॅम या दोन न्यायमूर्तींनी विरोध केला, पण कारणे लिहिली नाहीत. पेकहॅम यांची कारणे काय असतील याचा तर्क दोनच महिन्यांनी करता आला : एप्रिल १९०५ मध्ये लॉक्नर खटल्यात त्यांनी बहुमताचे निकालपत्र लिहून, बेकरीतील कामगारांचे काम दिवसाला दहा तासांवर आणणारा न्यूयॉर्कचा कायदा कराराच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला. तेथे हार्लन विरोधात होते. एकाच न्यायालयाने एकाच हिवाळ्यात आणि वसंतात समाजहिताची दोन मापे वापरली.

हार्लन यांनी सांगितलेली मनमानीची भीती काल्पनिक नव्हती. पाच वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत प्लेगचा संशय आला, तेव्हा शहरातील चिनी लोकांनी हाफकिनची लस घेतल्याखेरीज शहर सोडू नये असा हुकूम निघाला. ही लस आपल्या परिचयाची : वाल्डेमार हाफकिन यांनी ती मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. मे १९०० मध्ये फेडरल न्यायाधीश मॉरो यांनी तो हुकूम रद्द केला. कारण तो एकाच वंशाच्या लोकांना लागू होता आणि इतर कोणाला नाही. जूनमध्ये त्यांनी चिनी वस्तीभोवतीचा वेढाही उठविला. त्या वेढ्याची रेषा अशी आखली होती की चिनी माणसाचे घर आत यावे आणि लगतचे गोऱ्याचे घर बाहेर राहावे. प्लेगला असा भेद करता येत नाही, हे न्यायालयाच्या ध्यानात आले.

मराठी वाचकाला येथे १८९७ चे पुणे आठवल्यावाचून राहणार नाही. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्या कायद्याखाली सद्हेतूने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल अधिकाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही, असे त्यातच लिहून ठेवले होते. पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांच्या अमलाखाली गोऱ्या शिपायांनी घरोघर झडत्या घेतल्या. सोवळ्या-ओवळ्याच्या भावना दुखावल्या हे तर झालेच, पण देवघर आणि माजघर यांतला फरक ज्यांना कळत नव्हता त्यांच्या हाती साऱ्या शहराची घरे दिली गेली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. ३ जुलैला ते वारले. लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. रोग होता, उपाय काही अंशी आवश्यकही होते. परंतु केंब्रिजच्या धर्मोपदेशकाला जी पायरी उपलब्ध होती ती पुण्याच्या गृहस्थाला नव्हती. जेकबसन हरला, पण त्याचे म्हणणे ऐकून घेऊन हरला.

असे असूनही जेकबसन निकालाची पुढची वाटचाल वाचताना मन विषण्ण होते. १९२२ मध्ये न्यायमूर्ती ब्रँडाइस यांनी त्याच्या आधारे शाळेतील सक्तीचे लसीकरण वैध ठरविले, ते ठीकच झाले. पण पाच वर्षांनी, २ मे १९२७ रोजी, बक विरुद्ध बेल हा निकाल आला.

व्हर्जिनिया राज्याने १९२४ मध्ये ‘मंदबुद्धी’ ठरविलेल्या माणसांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याचा कायदा केला होता. त्याची कसोटी पाहण्यासाठी कॅरी बक या तरुणीची निवड झाली. ती एका कुटुंबात सांभाळण्यासाठी ठेवलेली गरीब मुलगी. त्या कुटुंबाच्या एका नातलगाने तिच्यावर बलात्कार केला, तिला दिवस गेले, आणि कुटुंबाने तिची रवानगी लिंचबर्गजवळच्या राज्याच्या वसाहतीत केली. तिची आईही तेथेच होती. तिच्या बाजूने उभा राहिलेला वकील त्या वसाहतीच्या संचालक मंडळाचा माजी सदस्य होता, आणि त्याने तिच्यासाठी केलेला बचाव नावापुरता होता. तिची सातेक महिन्यांची मुलगी व्हिव्हियन हिला पाहून एका समाजसेविकेने साक्ष दिली की, मूल काही तितकेसे सर्वसाधारण दिसत नाही. झाले. आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांचा दोष सिद्ध झाला.

निकालपत्र ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी लिहिले. अमेरिकन न्यायशास्त्रातील हे मोठे नाव. यादवी युद्धात तीनदा जखमी झालेला सैनिक. आणि १९०५ मध्ये हार्लन यांच्या बाजूने मत दिलेला न्यायाधीश. राष्ट्र आपल्या उत्तम नागरिकांकडून प्राण मागू शकते, तर दुबळ्यांकडून त्याहून लहान त्याग का मागू नये, असा त्यांचा युक्तिवाद. सक्तीच्या लसीकरणाला जे तत्त्व आधार देते त्याच तत्त्वात ही शस्त्रक्रियाही बसते, असे त्यांनी म्हटले आणि त्यासाठी एकाच पूर्वनिर्णयाचा आधार दिला : जेकबसन. आठ विरुद्ध एक. विरोध करणाऱ्या न्यायमूर्ती बटलर यांनीही कारणे लिहिली नाहीत.

होम्स यांनी जेकबसन निकालातून काय उचलले आणि काय वगळले, हे पाहण्यासारखे आहे. सैनिकाचा दृष्टांत उचलला. पण त्या निकालात सक्ती पाच डॉलरांची होती, सुरीची नव्हती. तो नियम गावातील सर्वांना सारखा होता. येथे तो वसाहतीत कोंडलेल्यांनाच लागू होता. तेथे दारात उभा असलेला, मोजता येणारा रोग होता. येथे धोका होता तो काही तज्ज्ञांच्या मनातला. हार्लन यांनी आखून दिलेली एकही मर्यादा होम्स यांच्या निकालपत्रात उरली नाही, आणि तरी त्याला हार्लन यांचे नाव पुरले. समाजहिताचा शब्द न्यायाधीशाच्या हाती किती हलका होऊ शकतो, याचे याहून क्लेशकारक उदाहरण मला ठाऊक नाही.

ऑक्टोबर १९२७ मध्ये कॅरीवर शस्त्रक्रिया झाली. व्हिव्हियन शाळेत गेली, १९३१ मध्ये गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीत तिचे नाव लागले, आणि पुढच्या वर्षी आठ वर्षांची असताना आजारपणात ती गेली. निरनिराळ्या राज्यांच्या अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक माणसांचे निर्बीजीकरण झाले. एकट्या व्हर्जिनियात सुमारे आठ हजारांचे. कॅरी बक १९८३ पर्यंत जगली. २ मे २००२ रोजी, निकालाला पंचाहत्तर वर्षे झाली त्या दिवशी, व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी जाहीर खेद व्यक्त केला. तो निकाल स्पष्ट शब्दांत रद्दबातल मात्र सर्वोच्च न्यायालयाने कधीच केलेला नाही.

या सर्व विचाराची एक वाट आपल्या देशातूनही जाते. सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्याच्या समर्थनार्थ उभे राहिले, तेव्हा टीकाकारांचा आक्षेप असा होता की मूलभूत हक्कांना इतके अपवाद जोडले आहेत की हक्क शिल्लकच राहत नाहीत. अमेरिकेत पाहा, तेथे हक्क निरपवाद आहेत. बाबासाहेबांनी हे साफ खोडून काढले. अमेरिकेतील हक्कही निरपवाद नाहीत, तेथील न्यायालयाने पोलिस पॉवरचे तत्त्व शोधून त्यांना मर्यादा घातल्या, आणि आपल्या मसुद्यातील प्रत्येक अपवादासाठी तेथील एखादा तरी निकाल दाखविता येईल, असे सांगून त्यांनी गिटलो खटल्याचा दाखला दिला. तेथे मर्यादा न्यायाधीशाने शोधायची. येथे ती घटनेतच लिहिलेली. फरक रूपाचा, आशयाचा नव्हे. पुढे चर्चेत पंडित ठाकुरदास भार्गव यांच्या दुरुस्तीने निर्बंधांच्या आधी एक विशेषण आले, आणि बाबासाहेबांनी ते स्वीकारले. आज घटनेच्या मराठी पाठात आपण ‘वाजवी निर्बंध’ असे वाचतो. हार्लन यांना जे सांगण्यासाठी काही पाने खर्चावी लागली ते आपल्या घटनाकारांनी एका शब्दात ठेवले. त्या शब्दाचा अर्थ लावण्याचे काम मात्र दोन्हीकडे न्यायालयांकडेच राहिले.

२०२० च्या महासाथीत जेकबसन पुन्हा जागा झाला. मे महिन्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्याच्या आधारे कॅलिफोर्नियातील प्रार्थनास्थळांवरील निर्बंधांत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नोव्हेंबरात मात्र, न्यूयॉर्कमधील अशाच निर्बंधांना पाच विरुद्ध चार मतांनी स्थगिती मिळाली. न्यायमूर्ती गॉर्सच यांनी त्या वेळी लिहिलेल्या स्वतंत्र मतात आठवण करून दिली की, जेकबसनसमोर लस घेणे, दंड भरणे किंवा सूट मिळण्याचे कारण दाखविणे असे तीन मार्ग मोकळे होते. एकशे अठरा वर्षांनी पाच डॉलरांचा असा पुन्हा हिशेब झाला. जानेवारी २०२२ मध्ये शंभर वा अधिक कामगार असलेल्या उद्योगांना लावलेला लस किंवा चाचणीचा केंद्रीय नियम न्यायालयाने थांबविला, आणि त्याच दिवशी रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठीचा नियम चालू ठेवला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी जेकब पुलियल खटल्यात हाच प्रश्न तपासला. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या पीठाने निर्णय दिला की, कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, कारण शरीराची अखंडता अनुच्छेद २१ मध्ये संरक्षित आहे. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. आणि लस न घेतलेल्यांवर राज्यांनी त्या वेळी घातलेले निर्बंध तसे नव्हते. त्या निकालाची तारीख २ मे २०२२. कॅरी बकच्या निकालाला त्या दिवशी पंच्याण्णव वर्षे पूर्ण झाली होती.